उमरीचे गुरुजी ऑनलाइन आहेत

ती. नाना,

आज संध्याकाळी सहा वाजता तुमचं खातं कायमचं पुसलं जाणार आहे. ओवीबरोबर तुम्ही जो गेम खेळायचात ना, त्यातलं. ते बंद करा असं आम्ही कळवलं, त्याला आज तीस दिवस होतात. कंपनीचा नियम असा की तीस दिवसांच्या आत कुणी पासवर्ड टाकून आत गेलं तर खातं पुन्हा सुरू होतं. नाही गेलं तर संपलं. आत्ता साडेचार वाजलेत आणि पासवर्ड मला पाठ आहे. बोटं तिकडं जाऊ नयेत म्हणून हातात पेन धरलंय.

पत्र लिहायची सवय गेली हो नाना. फळ्यावर लिहिते तेवढंच. तुम्ही असता तर पहिल्या ओळीतच दोन चुका काढल्या असत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर निवृत्त होतो, त्याचं लाल पेन होत नाही!

आठवतं का, दोन वर्षांपूर्वीची मे महिन्याची सुट्टी? तुमची नात तेव्हा आठ वर्षांची होती. मी तिला तुमच्याकडं उमरीला पाठवलं होतं, कारण इथं लातूरला माझ्या क्लासच्या नव्या बॅचेस सुरू होत्या. दुसऱ्यांची पोरं डॉक्टर करायची, तर स्वतःचं पोर आजोळी धाडावंच लागतं. तुमच्या टॅबवर तिला तो गेम हवा होता. ठोकळे लावून घरं बांधायची, आपलं गाव वसवायचं, मैत्रिणींना आत बोलवायचं. तिचं खातं उघडायला जन्मतारीख मागितली आणि तुम्ही मला फोन केलात. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते.

‘माय, हिची तारीख टाकली की ते म्हनतंय, आईबापाची परवानगी आना. तुझा ईमेल मागून राहिलंय. काय करू?’

‘काहीही टाका हो नाना. तुमचीच टाका आणि मोकळे व्हा.’

तुम्ही तुमची टाकलीत. एक जून.

मी फिजिक्स शिकवते नाना. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर पोरांचा अर्धा मार्क कापते. आणि स्वतःच्या लेकराच्या बाबतीत ‘काहीही टाका हो’!

तसं बघितलं तर एक जून ही तारीख तुमची तरी कुठं होती? तुमच्या गुरुजींनी तुम्हाला शाळेत घालताना ती अंदाजानं लिहिली. मग तुम्ही गुरुजी झालात आणि गावातल्या निम्म्या पोरांच्या नावापुढं तीच लिहीत गेलात. एखाद्या बाईला विचारलं, पोरगं कधी झालं, तर ती सांगायची, ‘ज्वारी काढाया आली व्हती तवा.’ त्यावर तुम्ही काय करणार? एक जून, सहा वर्षं पूर्ण. पण मला का लावलीत? माझी तिथी तर आईला तोंडपाठ होती! तुमचा, काकांचा आणि माझा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि त्यातला एकही खरा नाही. मी भांडायला लागले की तुम्ही हसायचात. म्हणायचात, ‘वय कमी भरलं तर लेकरू घरी बसतं माय. एक जून लिवली की दार उघडतं.’

गेमचंही दार उघडलं. गेमला वाटलं, पासष्ट-सत्तरीचा एक माणूस ओवी नावानं ठोकळे लावत बसलाय. त्यामुळं लहान मुलांच्या खात्याला जी कुलपं असतात, त्यातलं एकही तिच्या खात्याला लागलं नाही. कुणीही अनोळखी तिला मेसेज करू शकत होता, तिच्या गावात शिरू शकत होता. हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती, हे आज तुमच्यापुढं कबूल करते. रोज सकाळी क्लासच्या दारात प्लॅस्टिकचा ट्रे घेऊन उभी राहायचे आणि पोरांचे मोबाईल गोळा करायचे. मोबाईल ट्रेमध्ये गेला म्हणजे पोर सुरक्षित, अशी माझी ठाम समजूत होती.

तुम्ही मात्र शिकलात. त्या वयात! ओवीनं तुम्हाला दुसरं खातं काढून दिलं. नाव ठेवलं ‘उमरीचे गुरुजी’. गोल चष्मा आणि पांढरी टोपी सापडली, धोतर काही सापडेना, म्हणून तुमच्या बाहुल्याला पांढरा पायजमा घातला. सुट्टी संपली, ओवी लातूरला आली, आणि तरी रोज संध्याकाळी सहाला तुम्ही उमरीहून आणि ती इथून, दोघं मिळून शाळा बांधायला लागलात. तुमचीच शाळा. पाच खोल्या, दारात कडुनिंब, फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा, म्हणजे तुमची घंटा. शाळेला तुम्ही कुलूपसुद्धा लावून घेतलंत. ‘गुरुजी नसताना शाळा उघडी नको,’ असं ओवीला सांगितलंत. तुम्ही गेममध्ये असाल तरच ती उघडायची.

आणि ओवीच्या खात्यातली चूकही तुमच्याच ध्यानात आली. दिवाळीच्या आधी तुम्ही मला सांगितलं, दिवाळीत सांगितलं, तुळशीचं लग्न झाल्यावर परत सांगितलं.

‘ओवीच्या खात्यात वय चुकलंय माय. माझ्याच हातानं चुकलंय. कोन कोन लोक बोलून राहिलेत तिला. ते दुरुस्त कराया तुझं ओळखपत्र लागतंय म्हनं. एक दिवस संध्याकाळी बस की आमच्यासंगं.’

‘बसते नाना. टेस्ट सिरीज होऊ द्या.’

टेस्ट सिरीज कधी संपते का हो लातुरात?

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, सहाला दहा कमी असताना, तुमचा फोन आला. मी फळ्यापुढं होते. मी तो कापला आणि ‘वर्गात आहे’ असा तयार मेसेज पाठवला. साडेसहाला आईचा फोन आला, तेव्हा तुम्ही नव्हता. आई अजून सांगते, ‘टॅब मांडीवर हुता गं त्यांच्या. संध्याला सांगतो, संध्याला सांगतो, म्हनून राहिले हुते. काय सांगायचं हुतं ते काय बोलले न्हाईत.’

तो फोन छातीत दुखत होतं म्हणून केला होतात, की खात्यातल्या वयाचं सांगायला? मी आठ महिने हेच विचारतेय नाना. फळ्यावर समीकरण मांडताना विचारते, भाजी निवडताना विचारते. छातीत दुखत होतं म्हणून असेल तर मी लेक म्हणून चुकले. ओवीसाठी असेल तर आई म्हणून चुकले. यातलं कुठलं बरं, तेही मला ठरवता येत नाही.

तुमच्यानंतर ओवीनं दोन महिने टॅबला हात लावला नाही. पुन्हा खेळायला लागली तेव्हा एकदाच म्हणाली, ‘आई, शाळेला कुलूप आहे.’ मी म्हटलं, ‘बरंय, अभ्यास कर.’ असं म्हणाले मी!

मग सहा-सात आठवड्यांपूर्वी, एका सकाळी मी तिचा डबा भरत होते. ती बूट घालता घालता सहज म्हणाली, ‘काल नाना आले होते.’

‘स्वप्नात?’

‘नाही गं. गेममध्ये. त्यांनी शाळा उघडली.’

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लेकरू आहे, आठवण काढतंय, असं वाटलं. तुमचा जावई महेशही म्हणाला, राहू दे, तिला बरं वाटतंय ना. आणि खरंच बरं वाटत होतं हो तिला! कित्येक महिन्यांनी ती घरात गाणं गुणगुणायला लागली होती. आठवडाभर मी त्यात खूश होते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

पुढच्या मंगळवारी तिनं विचारलं, ‘आई, नाना आता इंग्रजी अक्षरांत का लिहितात? तिकडं मराठी कीबोर्ड नाही म्हणाले.’

तव्यावरची पोळी करपली. मी तशीच आईला फोन लावला. विचारलं, नानांचा टॅब कुठंय?

‘कपाटात हाय की. त्यांच्या चष्म्याजवळ ठिवलाय. बंद पडलाय, चार्जिंग बी न्हाई त्याला. का गं?’

त्या दिवशी मी क्लासमधून लवकर आले. सहा वाजता ओवी शेजारच्या मैत्रिणीला वही द्यायला गेली होती, टॅब पलंगावर उघडा होता. वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आणि त्यापुढं अक्षरं: उमरीचे गुरुजी ऑनलाइन आहेत.

कडुनिंबाखाली तुम्ही उभे होता. तोच चष्मा, तीच टोपी. इकडून तिकडं चालत होता, घंटेपाशी जाऊन थांबत होता, जणू कुणाची वाट बघताय. मी विज्ञानाची बाई. आईनं आणलेला अंगारासुद्धा मी कधी लावून घेतला नाही. पण नाना, मी टॅब उचलला आणि टाईप केलं, ‘नाना?’

उत्तर आलं, ‘हो.’

तिथंच थांबायला हवं होतं. कोण आहे हे मला कळत होतं, म्हणजे तुम्ही नाही एवढं तर नक्की कळत होतं. पण मी ओवी नाही, संध्या आहे, हे समोरच्याला माहीत नव्हतं, आणि त्या मिनिटाला मला स्वतःलाही धड माहीत नव्हतं. मी लिहिलं, ‘नाना, तुम्ही फोन केला होता आणि तो उचलला नाही. तुम्हाला राग आलाय का?’

थोडा वेळ तुम्ही कडुनिंबाखाली नुसते उभे राहिलात. मग इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत उत्तर आलं, ‘नाही बेटा. मला राग नाही. तू माझी लाडकी आहेस.’

बेटा! तुम्ही जन्मात कुणाला बेटा म्हटलं नाही. मला ‘माय’ म्हणायचात, ओवीला ‘बाई’. तरीसुद्धा नाना, ते वाचून मला एक क्षण बरं वाटलं. इतके महिने ज्या शब्दांसाठी तडफडत होते, ते मला मिळाले. तुमचा चष्मा आणि टोपी चढवून बसलेल्या कुठल्या तरी हरामखोराकडून मिळाले! हे मी अजून महेशलाही सांगितलेलं नाही.

लगेच पुढची ओळ आली: ‘आईला सांगू नको हां. आई मला पुन्हा बंद करून टाकेल.’

मग मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. जे रोज क्लासच्या दारात करते तेच केलं. गेम उडवला, टॅब कपाटात टाकला, किल्ली कमरेला खोचली. ओवी परत आली तेव्हा तिच्यावर ओरडले. कोण आहे तो? काय काय सांगितलंस? अक्कल आहे का? ती भिंतीला टेकली आणि जिवाच्या आकांतानं म्हणाली, ‘तू नानांना परत मारलंस!’

त्यानंतर ती बोलेना. दूध पी म्हटलं की प्यायची, बाकी शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि महेश सायबर पोलिसांकडं गेलो. तिथं एक तरुण मॅडम होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ‘मॅडम, घाई केली हो तुम्ही. आधी चॅटचे फोटो काढायचे, मग तक्रार, अन् बंद करायचं सगळ्यात शेवटी. सासरे... नाही, वडील ना तुमचे? त्यांचा टॅब आहे ना घरी? मग त्यांच्या मेलवरून ते खातं आधी ताब्यात घ्या. अन् पोरीला काय विचारलं?’

‘खूप विचारलं. सांगतच नाही.’

‘विचारलं का रागावलं?’

‘रागावले,’ मी म्हटलं.

‘रागावलं की लेकरू मुकं होतं. तिकडच्याला तेच पायजे असतं. घरी जा अन् तिच्याजवळ नुसतं बसा.’

नाना, तुम्हीही तेवढंच मागितलं होतंत. एक दिवस संध्याकाळी बस म्हणून.

त्या संध्याकाळी सहा वाजता मी टॅब कपाटातून काढला, गेम पुन्हा टाकून घेतला, ओवीच्या पलंगाशेजारी फरशीवर मांडी घातली आणि म्हटलं, ‘मला शिकव. मला यातलं काही येत नाही.’ ती खाली उतरली. आधी मला चालायला शिकवलं. मी भिंतीवर आपटले, विहिरीत पडले, विहिरीतून वर येता येईना. ती हसली नाही, पण तिच्या तोंडाचा कुलूपबंद भाव जरा सैल झाला. आणि खेळता खेळता, माझ्याकडं न बघता, ती सांगत गेली.

गेममध्ये तिला ‘तारा’ नावाची मैत्रीण मिळाली होती. दहा वर्षांची आहे, नांदेडची आहे, असं तारानं सांगितलेलं. शाळेला कुलूप लागलंय म्हणून ओवी तिच्याजवळ रडली. मला सांगितलं तेव्हा मी अभ्यास कर म्हटलं होतं, तारानं मात्र विचारलं, ‘मी उघडून देऊ? नानांची जन्मतारीख सांग.’ ओवीला ती पाठच होती, तिच्या स्वतःच्या खात्यावरही तीच होती ना! आणि तुमचा पासवर्ड? तोच. तुमच्या फोनचा तोच, टॅबचा तोच, मेलचा तेवढा आईच्या नावाचा, म्हणून पुढं निभावलं. गुरुजी, जी तारीख निम्म्या गावाला वाटलीत, तिचंच कुलूप करायचं का?

‘मग दुसऱ्या दिवशी नाना आले,’ ओवी म्हणाली. ‘मला माहितीय आई, मेलेली माणसं येत नसतात. पण शाळा उघडली होती ना. मला फक्त आत जायचं होतं.’

मी तिला जवळ घेतलं.

गुरुवारी तिला घेऊन उमरीला आले. लातूरहून नांदेड, नांदेडहून दुसरी एसटी. आईनं कपाट उघडलं, तुमचा टॅब चार्जिंगला लावला. तो सुरू व्हायला जो वेळ लागला, त्यात आई तीनदा म्हणाली, ‘त्यांना आवाज दिल्यावानी वाटून राहिलंय.’ मेलवरून आम्ही नवा पासवर्ड घेतला, आणि बाकी सगळीकडून तुम्हाला बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन झालं तेव्हा ओवीनं माझा दंड घट्ट धरला होता.

मग मी सगळी बोलणी वाचली, फोटो काढत काढत. आधी शाळेच्या गप्पा. मग, आई कधी घरी नसते? मग, गणवेशात कशी दिसतेस, फोटो पाठव. मग, इथं नको, त्या दुसऱ्या ॲपवर बोलू, तिथं कुणी बघत नाही. ओवीनं फोटो पाठवला नव्हता, कारण तिच्या टॅबचा कॅमेरा बंद पडलाय आणि तिच्याजवळ फोन नाही. आणि शेवटी, सोमवारचं बोलणं. मी ते वाचलं, परत वाचलं, मग आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

‘शनिवारी तुझ्या चित्रकलेच्या क्लासच्या गेटवर माझा एक मित्र येईल. निळी गाडी. त्याच्याजवळ मी तुझ्यासाठी माझी टोपी दिली आहे.’

खाली ओवीचं उत्तर होतं: ‘हो नाना.’

आई उठून उभी राहिली. भिंतीकडं बोट करून म्हणाली, ‘टोपी तर हितं हाय! खुंटीला हाय त्यांची टोपी!’

त्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि तुमची टोपी. ओवीनं खुंटीवरची टोपी काढली आणि पोटाशी धरली. नाना, दोनच दिवस राहिले होते. तिनं कीबोर्डचं सहज बोलून दाखवलं नसतं, तर मी शनिवारी नेहमीसारखी डाउट सेशन घेत असते.

शनिवारी ओवी आईजवळ उमरीलाच राहिली. मी त्या गेटवर उभी होते. साध्या कपड्यांतले दोन पोलीस समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होते. कुणी आलं नाही. खातं हातचं गेलं तेव्हाच तो सावध झाला असणार, असं मॅडम म्हणाल्या. तपास चालू आहे, ताराचं खातंही बंद झालंय. पण तो कोण, कुठला, हे अजून कळलेलं नाही. आता दर शनिवारी मीच तिला आणायला जाते. निळी गाडी लातुरात किती जणांकडं असते, माहीत आहे? मला आता सगळ्या दिसतात. गेटवर कुणी म्हातारा नातवासाठी थांबलेला असला, तरी मी त्याच्या डोक्याकडं बघते.

तुमचं खातं ठेवायचं असं आम्ही आधी ठरवलं होतं. नवा पासवर्ड होता, धोका नव्हता. पण मग एकदा मधल्या सुट्टीत, ट्रेमधल्या मोबाईलांशेजारी बसून, मी स्वतःच गेम उघडून तुमचा ठिपका हिरवा आहे का ते बघितलं. घरी आले तर ओवीही तेच बघत होती. आम्ही एकमेकींकडं बघितलं. ती म्हणाली, ‘आपण असंच बघत राहणार ना गं?’ दहा वर्षांच्या पोरीनं विचारलं हे!

म्हणून बंद करायचं ठरलं. त्या दिवशी तुमच्या खात्यातून आम्ही शेवटचं शाळेत गेलो. ओवीनं पाचही खोल्यांचे फोटो काढले, घंटा दिली. मग कंपनीनं विचारलं, खातं बंद करण्याचं कारण काय? निवडायला चार कारणं दिली होती. वेळ मिळत नाही. दुसरा गेम आवडतो. तांत्रिक अडचण. आता खेळत नाही. त्यात मरण नव्हतं. ओवीनं चारही वाचली, आणि ‘आता खेळत नाही’ यावर बोट ठेवलं.

बाकी सांगायचं राहिलंच. ओवीचं खातं दुरुस्त झालं, तिच्या खऱ्या तारखेनं. आता तिला फक्त आम्ही ओळखतो तीच माणसं बोलू शकतात, आणि कुणी नवीन आलं की मला विचारलं जातं. त्यासाठी मला पालकाचं खातं काढावं लागलं. आईला मी मुद्दाम विचारलं, माझी खरी तारीख काय. ‘पंचमीच्या दुसऱ्या दिवशी झालीस तू. झोका तसाच बांधलेला हुता झाडाला.’ मी जुनं पंचांग काढून तारीख शोधली, मोठ्या हौसेनं टाकली. कंपनीनं ओळखपत्र मागितलं, आणि नाकारली! ओळखपत्रावर तुम्ही लिहिलेली ना. शेवटी एक जूनच टाकली, तेव्हा दार उघडलं. ओवी खो-खो हसत होती. तुमच्यानंतर मी तिला तशी हसताना पहिल्यांदा बघितलं.

क्लासमध्ये गेल्या रविवारी पालकांना बोलावलं. धाकट्या भावंडांना टॅबसकट आणा म्हटलं. भाषण केलं नाही. एवढंच विचारलं, ‘तुमच्या मुलाच्या गेमच्या खात्यात जन्मतारीख कुणाची आहे?’ आधी हसले सगळे. मग एकेकाची मान खाली गेली. एक बाप म्हणाला, ‘माझी हाय मॅडम. पोरानं विचारलं, मी गाडीवर हुतो, म्हनलं टाक कायबी.’ तासभर पोरं आपापल्या आईबापांना शिकवत होती आणि मोठी माणसं भिंतींवर आपटत होती. मुलाला आधी शिकवू द्या, मग नियम सांगा, एवढं मी बोलले. ट्रे अजून आहे. पण ट्रे म्हणजे सगळं नव्हे, हे मला कळलंय.

सहाला चार मिनिटं आहेत नाना. हात शिवशिवतोय. आत जावं, कडुनिंबाखाली उभं राहावं आणि तो फोन कशाबद्दल होता ते एकदा विचारावं. पण आता तिथं उत्तर देईल तो तुम्ही नसाल, आणि मला पुन्हा ते ‘राग नाही’ खोट्या तोंडून ऐकायचं नाही. तुमचा राग असेल तर असू दे. तो तरी खरा असेल.

बाहेरून ओवी हाक मारतेय, ‘आई, ये ना, सहा वाजले!’ तुमच्या खात्याबरोबर ती शाळाही जाणार, म्हणून ओवीच्या खात्यात आम्ही ती परत बांधतोय. भिंत माझ्याकडं आहे, आणि ती अजून वाकडीच येतेय. रुळाचा तुकडा मात्र तिनं पहिल्याच दिवशी टांगला.

शब्द देते नाना. रोज सहा वाजता मी तिच्याजवळ बसेन. वर्ग असला तर वर्ग सोडून बसेन. ती उद्या कुठलंही दार उघडायला निघाली आणि मला विचारलं, ‘आई, काय टाकू?’, तर हातातलं पेन खाली ठेवेन आणि म्हणेन, थांब, मी आले.

तुमची, एक जूनची,
संध्या